पाच उपाशी गोधड्या

१८ नोव्हेंबर

निवृत्त होताना कंपनीने मला एक शाल, एक भिंतीवरचं घड्याळ आणि ही डायरी दिली. शाल लेकीच्या सासऱ्यांना गेली, घड्याळ बंद पडलं, डायरी मात्र कोरीच राहिली होती. अंबडला एकतीस वर्षं लेथवर काढली. पाळी संपली की वहीत लिहायचं, काय झालं, काय राहिलं, पुढच्या पाळीवाल्याला काय सांगायचं. आता पुढच्या पाळीला कोणी येणार नाही. तरी लिहितो, नाहीतर दिवस कुठे गेला ते कळत नाही.

९ जूनला सकाळी सरूच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातातून सुई पडली. उचलायला वाकली ती उठलीच नाही. पॅरालिसिस, उजवी बाजू. तीन आठवडे हॉस्पिटलात, मग घरी. बोलणं परत आलं, पण एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढल्यासारखा येतो. पाय ओढत का होईना चालते. हात मांडीवर पडून असतो.

दारावर पाटी आहे, 'सरू गोधडी स्टुडिओ'. लेकीचं, सविताचं काम. दिवाण भिंतीला सरकवला की स्टुडिओ, पुढे ओढला की हॉल. जूनमध्ये या स्टुडिओत पाच गोधड्या अर्धवट राहिल्या. दोन ललितशेठच्या, त्यांची गंगापूर धरणाकडे पाहुण्यांना राहायची घरं आहेत. एक येवल्याच्या गिऱ्हाइकाची. एक कंपनीतल्या आमच्या भिकाच्या आईची. आणि एक सविताची, तिला फेब्रुवारीत बाळ होणार आहे. शेजारची जैतुनबी सरूबरोबर नऊ वर्षं काम करते, पण तिची नजर आता बारीक टाक्याला पुरत नाही. ती थर लावते, टाचून देते. टाके सगळे सरूचे.

दिवाळीनंतर सरूने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "तुमी शिवा." मला वाटलं गंमत करते. तिने सुई ओवायला लावली. आठव्या वेळी ओवली गेली.

२१ नोव्हेंबर

सरूचा टाका व्हर्नियरने मोजला. साडेतीन मिलिमीटर, पुढचाही साडेतीन, त्याच्या पुढचाही. बाईने आयुष्यात कधी पट्टी हातात घेतली नाही. माझा सहा, मग चार, मग आठ. सकाळभर एक ओळ घातली. सरू खाटेवरून बघत होती. ओळ संपल्यावर म्हणाली, "उसवा."

दुपारी परत घातली. परत, "उसवा."

कंपनीत इन्स्पेक्शनवाले जॉब परत पाठवायचे तेव्हा मी त्यांच्याशी भांडायचो. इथे भांडायची सोय नाही. अंगुस्तान माझ्या बोटात बसत नाही म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. तरी बोटाला तीन भोकं पडली.

२८ नोव्हेंबर

ललितशेठची पहिली गोधडी झाली. म्हणजे एक कोपरा सोडून झाली.

त्या कोपऱ्याचं नीट लिहून ठेवतो. सरूच्या माहेरची रीत अशी की गोधडी शिवताना एका कोपऱ्याशी हातभर कड उघडी ठेवायची. सगळं झालं की भाकरीचा नखाएवढा तुकडा तव्यावर कडक करून त्यात घालायचा आणि मग कड शिवून टाकायची. त्याला घास भरवणं म्हणतात. घास न भरवलेली गोधडी उपाशी राहते आणि उपाशी गोधडी माणसाचीच ऊब खाते. मी तीस वर्षं म्हणत आलो की मुंग्या होतील. एकदाही झाल्या नाहीत. दुसरा नियम, ज्याने पहिला टाका घातला त्यानेच घास भरवायचा.

पाचही गोधड्यांचा पहिला टाका सरूचा आहे. मी तिला म्हणालो, कोपरा तुझ्यासाठी ठेवलाय, हात आला की भरव. ती म्हणाली, "तुमीच भरवा." मी म्हणालो, तुझ्या माहेरची रीत, मी मोडायचा नाही. ती भिंतीकडे तोंड करून निजली. दमते लवकर.

गोधडी घडी करून माळ्यावर ठेवली.

१ डिसेंबर

सरूने विचारलं, ललितशेठची दिली का. मी हो म्हणालो. उगाच तिला घोर कशाला. ललितशेठला फोन करून सांगितलं की थोडा उशीर होईल, ते म्हणाले त्यांचे पाहुणे ब्लँकेटवर भागवतायत. भागवू देत.

सकाळचं वेळापत्रक लिहून ठेवतो. साडेपाचला उठणं, तिला संडासला नेणं, दात, तोंड, चहा, गोळ्या. आंघोळ. साडी आता नेसवता येत नाही, गाऊन. मग नाश्ता भरवणं. मग कशिश येते, ही जैतुनबीची नात, नुकतीच फिजिओचं शिक्षण संपवलेली. ती हात वर करते, खाली करते, बोटं उघडते, मिटते. मग मी गोधडीवर बसतो. दुपारी पुन्हा सगळं उलट क्रमाने. कंपनीत ओव्हरटाइम तरी सांगून यायचा.

९ डिसेंबर

आज सहा महिने झाले. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिन्यांत जेवढं यायचं तेवढं येतं. पण मी विचार केला, हॉस्पिटलातले तीन आठवडे धरायचे कशाला, तिथे ती नुसती झोपूनच होती. घरी आली १ जुलैला. म्हणजे सहा महिने १ जानेवारीला होतात. कशिशला तसं सांगितलं. ती बॅग आवरत राहिली. पोरगी हुशार आहे पण भिडस्त फार.

येवल्याची गोधडी पण झाली. कोपरा सोडून. माळ्यावर आता दोन आहेत.

१२ डिसेंबर

सरूला आता नवीनच खूळ लागलंय. मला कडा शिकवते. साधी कड, दुहेरी कड, आणि एक नागमोडी, जी कोणी मागतही नाही. शिवाय जैतुनबीला सांगून तिने मला दोऱ्याच्या दुकानात पाठवलं. कुठला दोरा धुतल्यावर रंग सोडतो, जुनी साडी चुरगाळून कशी ओळखायची, सगळं. आज तर दोन गिऱ्हाइकांचे नंबर माझ्या मोबाइलमध्ये घालायला लावले. मी म्हणालो, अगं मार्चपर्यंत तुझा हात येईल, मग हे सगळं शिकून मी काय लोणचं घालू? ती म्हणाली, "घाला." तिला पूर्वीही असाच तिरकस विनोद सुचायचा. बरं लक्षण आहे.

१६ डिसेंबर

भिका आला होता. आम्ही एकाच पाळीत होतो. त्याचं गाव पेठच्या पुढे, डोंगरात. त्याची आई, चिमणाबाई, पंच्याऐंशीच्या पुढची. उन्हाळ्यात तिने आपली जुनी लुगडी बोचक्यात बांधून पाठवली होती आणि निरोप दिला होता, थंडीच्या आत पाहिजे.

तिची गोधडी परवाच संपवलीय. लुगडी इतकी मऊ झालेली की सुई विचारत नाही, आपोआप जाते. भिकाने हात फिरवला आणि म्हणाला, लय झाक झाली. मग त्याने पिशवी उघडली. मी म्हणालो, अजून कोपरा राहिलाय, सरूला भरवू दे, थोडं थांब. तो म्हणाला, "भाऊ, आईचे पाय थंड पडत्यात. तिला काय कोपऱ्याचं."

मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. सरू कशिशबरोबर आतल्या खोलीत व्यायाम करत होती, तिला कळलं नाही. भिका रिकामी पिशवी बराच वेळ घडी करत बसला होता.

राहिलेलं काम: ललितशेठची दुसरी, निम्मी. सविताची.

१९ डिसेंबर

काही नाही. थकलो.

२४ डिसेंबर

सविताचा पिंपळगावहून फोन. तिचा नवरा कोल्ड स्टोरेजमध्ये आहे, द्राक्षांची गडबड सुरू होईल, त्याला सुट्टी नाही, तिला प्रवास नाही. म्हणाली, बाबा, एखादी बाई ठेवा. मी म्हणालो, कशाला, मी आहे की. म्हणाली, तुमचा आवाज कसा येतोय. मी म्हणालो, नेटवर्क.

तिची गोधडी सर्वांत अवघड आहे. सरूने मधोमध झाडाची आकृती घेतलीय, फांद्या गोल गोल. एका फांदीला मला दोन दिवस लागले. तीनदा उसवली. चौथ्यांदा सरू काही बोलली नाही, तेव्हा मी समजलो की पास झालो. मग वळून बघितलं तर तिला झोप लागली होती. ती जागी झाल्यावर परत दाखवली. "उसवा."

मी सुई खाली ठेवली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. मला रडू आलं. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. टाक्यासाठी नव्हतं आलं. नुसतं आलं. जैतुनबी समोर गहू निवडत होती, तिने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मग मी आत जाऊन फांदी उसवली.

१ जानेवारी

आज सहा महिने, माझ्या हिशेबाने. हात तसाच. पण कशिशचा व्यायाम तर ऑगस्टमध्ये सुरू झाला. यंत्र ज्या दिवशी चालू केलं त्या दिवसापासून गॅरंटी मोजतात. तेव्हा फेब्रुवारी धरायला हवा.

पाचही झाल्या. पाचही माळ्यावर आहेत. कोपरे उघडे.

५ जानेवारी

आज फार वाईट झालं.

थंडी कडक आहे. निफाडकडे पारा पाच-सहावर आला म्हणतात. सकाळी भिका परत आला. या वेळी दारातच उभा राहिला. म्हणाला, आई आठ दिवस दवाखान्यात होती, छातीत कफ धरला, परवा घरी आणली. म्हणाला, "ती रोज इचारते, माझी गोधडी कुठं गेली. मी काय सांगू तिला?" मी परत तेच म्हणालो, सरूचा हात येऊ दे, महिनाभर थांब. तो म्हणाला, महिनाभर ती थांबंल का.

सरू आतून ऐकत होती. मला माहीत नव्हतं ती जागी आहे. भिंतीला धरून धरून दारापर्यंत आली, एकटी, आणि म्हणाली, "भिकाभाऊ, गोधडी... दिली नाय?" भिका माझ्याकडे बघायला लागला. तिने विचारलं, बाकीच्या? माझी नजर माळ्याकडे गेली. तिने डावा हात वर करून माळ्याकडे दाखवला. मला शिडी लावावी लागली. एकेक करून पाचही गोधड्या खाली काढल्या आणि तिच्यापुढे ठेवल्या. तिने प्रत्येकीचा कोपरा चाचपला. प्रत्येक कोपऱ्यात तिची बोटं आत गेली.

खुर्चीवर बसून ती बोलली. इतकं सलग जूनपासून बोलली नव्हती. "म्हातारी गारठली. आन् ऊब माळ्यावर. माझ्या हातापायी." मग दम घेतला. "हात नाय यायचा. कशिशनं मला दिवाळीतच सांगितलं. तुमाला सांगू नको म्हनले मी."

मी म्हणालो, कशिश पोर आहे, तिला काय कळतं. सरू म्हणाली, "मला कळतं. हात माझा हाय."

भिका तसाच उभा. मग ती म्हणाली, भाकरी करा.

५ जानेवारी, पुढे

भाकरीचं राहिलं लिहायचं. मी आजवर भाकरी केली नव्हती, पोळ्या जैतुनबी देते. बाजरीचं पीठ मळलं, थापायला गेलो तर परातीतच तिचे तीन जिल्हे झाले. भिका पुढे झाला, त्याने हात धुतले आणि भाकरी करून दिली. डोंगरातल्या माणसाला सगळं येतं.

सरूने डाव्या हाताने तुकडा मोडला. मी म्हणालो, पण रीत. पहिला टाका तुझा, शेवट मी कसा करू? ती म्हणाली, "घास माझा. टाका तुमचा. दोघं मिळून एक मानूस होतं आता."

मी खरं तेच लिहितो. रीत मोडायची भीती मला नव्हतीच. मुंग्यांवरून तीस वर्षं चेष्टा केलेला माणूस मी. पण कोपरा शिवला की मीच माझ्या हाताने कबूल केल्यासारखं होणार होतं. ते मला करायचं नव्हतं, म्हणून एका म्हातारीला दवाखान्यात जावं लागलं. थंडीमुळेच गेली असं भिका म्हणाला नाही. पण मी म्हणतो.

चिमणाबाईचा कोपरा शिवला. बाकीचे चारही शिवले. सरूने प्रत्येकीला घास दिला. एकदाही उसवा म्हणाली नाही. टाके काही फार चांगले नव्हते.

८ जानेवारी

गोधडी भिकाबरोबरच पाठवली होती, तरी आज पेठच्या गाडीने स्वतः गेलो. तोंड दाखवायला हवं होतं. सरूजवळ जैतुनबी थांबली.

चिमणाबाई अंगणात उन्हाला बसली होती, गोधडी गुडघ्यावर. म्हातारी वाळून खारीक झालीय, पण डोळे तरतरीत. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, बस आधी. मग गोधडीवरून हात फिरवत फिरवत एका जागी थांबली. निम्म्यापेक्षा थोडी अलीकडे.

"इथवर बाईचा टाका. इथून कोनाचा?"

मी म्हणालो, माझा. ती बराच वेळ ती जागा अंगठ्याने घासत राहिली. मग विचारलं, तिचा हात थांबला का. मी म्हणालो, थांबला नाही, रजेवर आहे. सवय जात नाही तोंडाची. म्हातारी हसली नाही. म्हणाली, "तुझ्या टाक्यांकडं पाय घेते मी. ऊब येती."

येताना गाडीत मला जागा मिळाली आणि नाशिक येईपर्यंत झोपलो. कंडक्टरने उठवलं.

१४ जानेवारी

संक्रांत. ललितशेठच्या दोन्ही गेल्या, येवल्याची एसटीने पाठवली. सविताची तिचा नवरा घेऊन गेला. रात्री तिचा फोन, झाड फार सुंदर झालंय म्हणे, एक फांदी सोडून. मी विचारलं कुठली. ती म्हणाली, बाबा, ती उसवायची नाही, तीच मला आवडली.

कशिशला तिळगूळ दिला. मी म्हणालो, तू मला सांगायचं होतंस. तिचे डोळे भरून आले. मी आणखी तिळगूळ दिला.

स्टुडिओ रिकामा आहे. दिवाण पुढे ओढला.

२० जानेवारी

सकाळी सरूने दिवाण सरकवायला लावला. मग लोखंडी पेटी उघडायला लावली. तिच्या चांगल्या साड्या काढल्या, सविताच्या लग्नातली जांभळी, मोरपंखी, ती येवल्याहून आणलेली साधी रेशमी. जुन्या नाहीत, विरलेल्या नाहीत. मी म्हणालो, या कशाला, गोधडीला जुनेर लागतं. ती म्हणाली, नेसवणार कोन? तेही खरं. गाऊन बरा पडतो.

जैतुनबीने थर लावले. लावताना एक शब्द बोलली नाही, एरवी तिचं तोंड बंद नसतं. पदराने सारखं नाक पुसत होती. तिला सर्दी झालीय, थंडीच तशी आहे.

मी विचारलं, ऑर्डर कोणाची? सरू म्हणाली, "तुमची."

माप विचारलं. मला वाटलं दोघांना पुरेल अशी मोठी, आमची जुनी तशीच आहे. ती म्हणाली, "एकाला पुरंल यवढी." बरोबर आहे, ती आता खाटेवर निजते आणि मी दिवाणावर. तिचं सगळं लक्ष असतं.

मग तिने सुई माझ्याकडे सरकवली. "पयला टाका तुमी घाला. म्हंजे घास तुमालाच भरवता येईल." मी म्हणालो, तू आहेस की घास द्यायला. ती म्हणाली, घाला.

जांभळ्या साडीच्या काठाशी पहिला टाका घातला. डोळ्यासमोर थोडं अंधुक झालं होतं, वाकडाच पडला, सात-आठ मिलिमीटरचा तरी असेल. तिने सांगायच्या आत मीच कात्री घेतली उसवायला. तेव्हा तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "राहू द्या."

बराच वेळ धरून होती. चांगलं घट्ट. डाव्या हातात जोर आलाय, उद्या कशिशला सांगायला हवं.